ध्वनिपरावर्तनाचे मापन
बंदिस्त जागेत भिंती, छत व जमिनीवरून परतणाऱ्या ध्वनीची वेळ आणि तीव्रता मोजण्याची पद्धत. त्यासाठी फुगा फोडतात, मायक्रोफोनने नोंद घेतात. आलेखात थेट आवाजाचा सुळका आधी, परावर्तनांचे मागून उमटतात. 17 मीटरवरच्या भिंतीवरून आवाज सुमारे 0.1 सेकंदात परततो व वेगळा प्रतिध्वनी ऐकू येतो, 0.05 सेकंदाच्या आत आलेला मात्र मूळ शब्दाला बळच देतो. आवाज 60 डेसिबलने उतरण्यास लागणारा वेळ म्हणजे निनादकाल. हार्वर्डच्या वॉलेस सॅबिन यांनी 1895 पासून ऑर्गनची नळी, घड्याळ आणि खुर्च्यांच्या गाद्या एवढ्यावर त्याचे गणित बसवले. सभागृहाच्या ध्वनिनियोजनात हे मापन उपयोगी पडते; मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राच्या टाटा थिएटरचे (1980) ध्वनिनियोजन सिरिल हॅरिस यांचे. रिकाम्या सभागृहातले आकडे फसवे ठरू शकतात. कारण प्रेक्षक बराच ध्वनी शोषतात.