बैल मारणारा

‘मेटॅडोर’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थ बैलाला ठार मारणारा असा आहे, हे आमच्या नेरमध्ये निदान पोळ्याच्या दिवशी तरी कोणाला सांगू नये. मुलूख कापसाचा, त्या दिवशी पुरणपोळी आधी बैलाला, मग जावयाला. तरी हा मेटॅडोर इथे आला, बैलगाडीवरचा कापूस त्याने आपल्या पाठीवर घेतला आणि इतका घरचा झाला, की आज यवतमाळ रस्त्याने कुठल्याही कंपनीचा छोटा ट्रक गेला तरी माणसे ‘मेटॅडोर गेला’ म्हणतात.

त्याचे कुळ मात्र हांबुर्गचे. तिथे व्हिडाल पितापुत्रांच्या कारखान्यात ‘टेंपो’ नावाच्या गाड्या बनत. १९५८ साली फिरोदियांनी बजाजांच्या साथीने बजाज टेंपो कंपनी काढली, तीनचाकी टेंपो इकडे आणला, आणि पुढे आकुर्डीला मेटॅडोर बनू लागला. नंतर हांबुर्गचा कारखाना दुसऱ्यांच्या पोटात गेला. २००५ साली आकुर्डीच्या कंपनीनेही नाव बदलून फोर्स मोटर्स केले. आता टेंपो उरला तो आपल्या तोंडात. बिऱ्हाड हलवायचे म्हटले की आपण तोच बोलावतो.

१९८० नंतर मेटॅडोरमध्ये मर्सिडीजचे २.४ लिटरचे डिझेल इंजिन बसू लागले. जर्मनीत ज्या जातीच्या इंजिनाने टॅक्सी ओढल्या, त्याने आमच्याकडे सरकी ओढली. मर्सिडीजमधून सिमेंट पोचवणारा माणूस मी ओळखतो. ते माझे साडू.

नव्या गाडीसाठी कर्ज का काढत नाही, असे मी त्यांना विचारत नाही. हप्ता भाड्याच्या भरवशावर आणि भाडे पावसाच्या भरवशावर, अशा अर्जाचे काय होते ते बँकेत बसून मी रोज बघतो. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी दुसरा, मरायला टेकलेला मेटॅडोर घेतला. “चालवाले नाही भाऊ, खोलाले घेतला,” म्हणाले.

मिस्त्रीने मला कारण समजावले. हेच इंजिन कंपनीने पुढे ट्रॅक्सला बसवले, म्हणून इंजिनाचे सामान मिळते. पंचाईत अ‍ॅक्सलची. ट्रॅक्सला मागची चाके ढकलतात. बैल मारणारा मात्र स्वतः बैलासारखाच पुढून ओढतो. म्हणून त्याचा हौदा ठेंगणा, पोते चढवायला सोपे. आणि म्हणूनच त्याला दुसऱ्या कोणाचा अ‍ॅक्सल चालत नाही. मेटॅडोरला मेटॅडोरच लागतो.

सौद्याला मला नेले ते कागद बघायला. विकणारा म्हातारा भंगाराच्या भावाला तयार होईना. कॉमर्सला आम्हांला ऱ्हासमान शेष पद्धत शिकवली होती: दरसाल घसारा उरलेल्या किमतीवर काढायचा, किंमत कधी शून्य होत नाही. म्हाताऱ्याला ती न शिकता येत होती. शेवटी जमले. मोटार वाहन कायद्याचे कलम ५५ मी वाचून दाखवले: गाडी कायमची निकामी झाली की चौदा दिवसांत कळवायचे, आरसी जमा करायची. माणसाचा दाखला नगर परिषदेत, गाडीचा आरटीओत. म्हाताऱ्याने सही केली आणि हौद्याच्या फळीवरून हात फिरवला.

“दोन पोरीचे लग्नं केले यानं.”

साडूभाऊंनी वर दोनशे रुपये दिले. मी हिशेबात धरले नाहीत.

अ‍ॅक्सल बसले. दारे कोंबड्यांच्या खुराड्याला लागली. इंजिनाला दोन गिऱ्हाइके येऊन गेली, पण ते गोणपाटात गुंडाळून कुटाराच्या खोलीत ठेवले आहे. वर खुंटीला बैलांच्या जुन्या घुंगरमाळा आहेत, त्याही साडूभाऊंनी अजून विकलेल्या नाहीत.