सरासरीत न दिसणारी वस्ती

ऑनसाइटला असताना मी फ्रीमाँटला राहायचो. शनिवारी सकाळी उठायचं, बार्ट पकडायची आणि सॅन फ्रान्सिस्को गाठायचं, हा ठरलेला कार्यक्रम. गाडी खाडीखालच्या बोगद्यात शिरण्याआधी एक शेवटचं स्टेशन लागतं, वेस्ट ओकलंड. तिथून बंदरावरच्या अवाढव्य क्रेन दिसतात, चार पायांवर उभ्या असलेल्या प्राण्यांसारख्या. ('स्टार वॉर्स'मधली ती चालणारी यंत्रं यांच्यावरूनच सुचली अशी तिकडे दंतकथा आहे. जॉर्ज लुकसने ती नाकारलीय, पण ऐकतंय कोण!) मी क्रेनचे भरपूर फोटो काढले. क्रेनच्या अलीकडे माणसं राहतात, हे मात्र कधी डोक्यातच आलं नाही.

परत आल्यावर एकदा हवेच्या प्रदूषणाबद्दल वाचताना हेच नाव पुन्हा समोर आलं आणि दोन वीकेंड त्यातच गेले. तर मंडळी, आज वेस्ट ओकलंडची गोष्ट.

१८६९ साली अमेरिका ओलांडून आलेली रेल्वे इथे खाडीपाशी येऊन थांबली. रेल्वेबरोबर कामं आली, आणि पुलमन डब्यांत पोर्टरचं काम करणारी कृष्णवर्णीय कुटुंबं इथे स्थिरावली. सेव्हन्थ स्ट्रीटवर दुकानं, हॉटेलं, संगीताचे अड्डे उभे राहिले. पोर्टर लोकांच्या युनियनचे मोठे नेते सी. एल. डेलम्स इथलेच. हे आडनाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९३७ साली एका सरकारी संस्थेने ओकलंडचा नकाशा रंगवला. कुठे गृहकर्ज देणं सुरक्षित आणि कुठे धोक्याचं, हे दाखवण्यासाठी. वेस्ट ओकलंडला लाल रंग मिळाला. लाल म्हणजे कर्ज मिळणं मुश्कील, कर्ज नाही म्हणजे डागडुजी नाही, आणि डागडुजी नाही म्हणजे पंधरा-वीस वर्षांनी 'ही वस्ती मोडकळीला आलीय, पाडा' म्हणायला सगळे मोकळे. १९५७ मध्ये वस्तीच्या मधोमध सायप्रस नावाचा दुमजली फ्रीवे उभा राहिला. मग सेव्हन्थ स्ट्रीटच्या डोक्यावरून बार्टचा पूल गेला. (हो, मी फोटो काढत होतो तोच.) शेजारी कंटेनरचं बंदर वाढत गेलं आणि त्याच्यामागे ट्रक आले.

ट्रकांची एक गंमत सांगतो. ओकलंडमधून दोन मोठे फ्रीवे साधारण समांतर जातात. टेकड्यांच्या बाजूचा ५८० आणि खाडीलगतच्या सखल भागातला ८८०. ५८० च्या ओकलंडमधल्या पट्ट्यावर साडेचार टनांपेक्षा जड ट्रकांना बंदी आहे. या बंदीचं मूळ १९५१ च्या शहराच्या नियमात आहे, फ्रीवे बांधला जाण्याच्याही आधीचं. टेकडीकडची वस्ती सधन, सखल भागातली गरीब. ट्रक कुठून जात असतील, हे वेगळं सांगायला नको. म्हणजे हवा काही आपोआप खराब झालेली नाही. एकेक निर्णय घेत घेत ती तशी केली गेलीय.

१७ ऑक्टोबर १९८९ ला भूकंप झाला आणि सायप्रस फ्रीवेचा वरचा मजला खालच्यावर कोसळला. ४२ माणसं गेली. नुसते धक्के बसत असतानाच आजूबाजूचे रहिवासी शिड्या घेऊन धावले. पुढे सरकारने फ्रीवे पुन्हा बांधायचं ठरवलं, तेव्हा या लोकांनी ठामपणे सांगितलं, की आमच्या घरांमधून आता नाही. बरीच भांडाभांडी झाली, पण १९९७ मध्ये रस्ता वस्तीला वळसा घालून गेला. जुन्या जागी आज झाडांची मँडेला पार्कवे आहे. वस्तीने बोललं तर रस्तासुद्धा वळतो, हे सगळ्यांना पहिल्यांदा दिसलं.

पण ट्रक होतेच. २००० च्या आसपास मार्गारेट गॉर्डन, ब्रायन बेव्हरिज आणि इतर रहिवाशांनी पॅसिफिक इन्स्टिट्यूट या ओकलंडच्याच संशोधन संस्थेबरोबर एक काम हाती घेतलं. त्यात आधी संशोधक येऊन प्रश्नावली वाटतील, असं नव्हतं. काय मोजायचं ते वस्ती ठरवणार आणि कसं मोजायचं ते संशोधक शिकवणार. लोक कोपऱ्यावर उभे राहून ट्रक मोजू लागले. कुठला ट्रक कुठल्या गल्लीतून जातो, कुठे इंजिन चालू ठेवून उभा राहतो, सगळ्याची नोंद. 'आमच्याकडे फार ट्रक येतात' ही तक्रार झाली. 'या चौकात इतके ट्रक, या वेळेत' म्हटलं की मीटिंगमध्ये कुणालातरी उत्तर द्यावं लागतं.

२००७ मध्ये महापौरांनी गॉर्डनबाईंना थेट बंदराच्या बोर्डावर नेमलं. महापौर कोण? रॉन डेलम्स. त्या पोर्टर नेत्याचे पुतणे, वेस्ट ओकलंडमध्येच वाढलेले.

२००८ मध्ये राज्याच्या हवा मंडळाने हिशेब मांडला. इथल्या हवेतला डिझेलचा धूर बे एरियाच्या सरासरीच्या जवळजवळ तिप्पट निघाला. गंमत म्हणजे बंदर आणि रेल्वे यार्ड मिळून त्या धोक्याचा साधारण पाचवा हिस्साच होता. बाकीच्यात सगळ्यात मोठा वाटा ट्रकांचा, आणि त्यांतले बरेचसे बंदराचे नव्हतेच. नुसतं बंदराच्या नावाने शंख करून भागणार नव्हतं. १ जानेवारी २०१० पासून बंदरावर जुन्या इंजिनांना बंदी आली, थोड्या नव्यांना फिल्टर सक्तीचा झाला. बर्कलीच्या शास्त्रज्ञांनी नियमाच्या आधी आणि नंतर ट्रकांचा धूर मोजला. काही महिन्यांतच काजळी जवळपास निम्मी झाली होती. किंमत मात्र ट्रकवाल्यांना मोजावी लागली. त्यांतले बहुतेक स्वतःचा एकच ट्रक चालवणारे, बरेचसे स्थलांतरित. सरकारी मदत होती, पण सगळ्यांना पुरली नाही. एका गरीब वस्तीची हवा स्वच्छ करताना बिल दुसऱ्या गरिबाच्या नावावर फाटू शकतं, हेही नोंदवून ठेवायला हवं.

आता आपल्या आवडीचा भाग. २०१७ मध्ये गूगलच्या स्ट्रीट व्ह्यू गाड्यांवर सेन्सर बसवून केलेला ओकलंडचा अभ्यास प्रसिद्ध झाला. साधारण दर ३० मीटरला एक आकडा. एकाच ब्लॉकमध्ये प्रदूषण पाच ते आठ पटींनी बदलत होतं! त्याच उन्हाळ्यात वस्तीत घरांवर आणि दुकानांवर शंभर सेन्सर शंभर दिवस लागले होते. जागा द्यायला लोक तयार झाले, कारण विचारायला आलेली माणसं ओळखीची होती.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियात एबी ६१७ कायदा झाला. जिथे हवेचा भार सगळ्यात जास्त, तिथे आराखडा स्थानिक लोकांबरोबर बसून करायचा. वेस्ट ओकलंडमध्ये बे एरियाचं हवा मंडळ आणि गॉर्डनबाईंची संघटना यांनी मिळून नेतृत्व केलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये ८९ उपायांचा आराखडा मंजूर झाला. त्यातलं उद्दिष्ट मला भारी आवडलं. २०२५ पर्यंत वस्तीतल्या प्रत्येक भागाची हवा त्या वेळच्या सरासरी भागाइतकी, आणि २०३० पर्यंत त्या वेळच्या सगळ्यात स्वच्छ भागाइतकी करायची. आपण सर्व्हरचा सरासरी रिस्पॉन्स टाइम बघून खूश होत नाही, सगळ्यात हळू एक टक्का रिक्वेस्टचं काय झालं ते बघतो. इथेही तेच आहे. ज्याला सगळ्यात वाईट हवा मिळते, त्याच्यापासून मोजायला सुरुवात.

सगळं छान झालं असं मी म्हणत नाहीये. हवा मंडळाच्या हातात धुराड्यांचे परवाने आहेत, पण कुठल्या जमिनीवर गोदाम येणार ते शहर ठरवतं, बंदराचं बंदर ठरवतं. एका टेबलावर बसले म्हणजे सगळ्यांचं वजन सारखं झालं, असं नाही. पण १९३७ चा नकाशा रंगवताना या वस्तीला कुणी विचारलं नव्हतं. २०१९ चा आराखडा तिच्याशिवाय झालाच नसता. बदल हळू आहे, पण हा आहे.

असो. फोनवरच्या ॲपमध्ये अख्ख्या शहराच्या हवेचा एकच आकडा दिसला, की हल्ली मला आधी तो चौकात ट्रक मोजत उभा असलेला माणूस आठवतो. क्रेनचे फोटो अजून आहेत माझ्याकडे. परवा झूम करून बघितले. एका फोटोच्या खालच्या कोपऱ्यात, पुलाच्या कठड्यामागे, घराचं एक छप्पर आलंय.