आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर : संज्ञा, इतिहास आणि मराठी लेखनातील शब्दवापर

प्रस्तावना

मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यासक धोप आणि पट्टा यांत गल्लत करीत नाही. विट्याला तो सरसकट भाला म्हणत नाही. शस्त्राच्या नावातच त्याची घडण, वापर आणि वापरणारा यांची माहिती दडलेली असते, याची त्याला जाण असते. ही जाण आधुनिक काळातील हातशस्त्रांविषयी लिहिताना मात्र दिसत नाही. पिस्तूल, रिव्हॉल्व्हर, तमंचा, कट्टा हे शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरले जातात. त्यातही 'आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर' हा शब्दप्रयोग सर्वांत संदिग्ध आहे. इंग्रजीत त्याला 'स्नब-नोज', म्हणजे नकट्या नाकाचे रिव्हॉल्व्हर म्हणतात. हे नाव वर्णनात्मक आहे. ते कोणत्याही एका कारखान्याचे किंवा नमुन्याचे नाव नाही. त्यामुळे कोणत्या शस्त्राला असे म्हणावे आणि कोणत्याला म्हणू नये, हा प्रश्न उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक आणि कायदेशीर अंगाने विचार केला आहे.

उद्दिष्टे

१. आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरची लक्षणे निश्चित करणे.
२. या शस्त्रप्रकाराच्या उदयाची कारणे तपासणे.
३. भारतीय शस्त्रविषयक कायद्यातील त्याचे स्थान पाहणे.
४. मराठी इतिहासलेखनातील शब्दवापराचे परिणाम उदाहरणासह स्पष्ट करणे.

रिव्हॉल्व्हर म्हणजे काय ?

'पिस्तूल' हा शब्द पोर्तुगीज संपर्कातून मराठीत रुळला आणि एका हाताने चालविण्याच्या कोणत्याही बंदुकीला तो लावला जाऊ लागला. रिव्हॉल्व्हरचे वेगळेपण त्याच्या फिरत्या सिलिंडरमध्ये आहे. सिलिंडरमध्ये पाच, सहा किंवा अधिक कप्पे असतात व प्रत्येक कप्प्यात एक काडतूस बसते. घोडा मागे जाताना सिलिंडर एक घर फिरतो आणि पुढचे काडतूस नळीसमोर येते. अमेरिकेतील सॅम्युअल कोल्ट याने १८३६ मध्ये अशा रचनेचे पेटंट घेतले. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात त्याची शस्त्रे मांडली गेली आणि ब्रिटिश साम्राज्यात या शस्त्राचा प्रसार झाला.

अर्धस्वयंचलित पिस्तुलात सिलिंडर नसतो. काडतुसे मुठीतील मॅगझिनमध्ये असतात आणि प्रत्येक बारानंतर रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते. रिव्हॉल्व्हरमध्ये पुंगळ्या सिलिंडरमध्येच राहतात. चालविणाऱ्याने त्या मुद्दाम काढल्याखेरीज बाहेर पडत नाहीत. घटनास्थळाच्या पंचनाम्यात हा भेद कळीचा ठरतो. घटनास्थळी पुंगळ्या न सापडणे हे रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत स्वाभाविक आहे, तर अर्धस्वयंचलित पिस्तुलाच्या बाबतीत ते संशय निर्माण करणारे आहे. शस्त्राचे नाव चुकले, तर पुराव्याचा अर्थही चुकतो.

आखूडपणाचे मोजमाप

नळी किती आखूड असली म्हणजे शस्त्र या वर्गात बसते, याविषयी जगात एकमत नाही. शस्त्रव्यवहारात दोन इंच, म्हणजे सुमारे ५१ मिलिमीटर नळी ही नमुनेदार मानली जाते आणि तीन इंच, म्हणजे सुमारे ७६ मिलिमीटर ही सर्वसाधारण वरची मर्यादा समजली जाते. चार इंची नळीचे रिव्हॉल्व्हर पोलिसांच्या पट्ट्याला लावण्याचे नेहमीचे शस्त्र होते. त्याला कोणी नकटे म्हणत नाही.

मोजण्याची पद्धतही लक्षात घ्यावी लागते. रिव्हॉल्व्हरची नळी सिलिंडरच्या पुढच्या कडेपासून तोंडापर्यंत मोजतात. सिलिंडरची लांबी त्यात धरली जात नाही. पिस्तुलात मात्र काडतुसाचा कप्पा नळीचाच भाग असल्याने तो मोजमापात येतो. म्हणून तीन इंची नळीचे रिव्हॉल्व्हर आणि तीन इंची नळीचे पिस्तूल यांची तुलना केवळ आकड्यावरून करता येत नाही.

आखूड नळीची किंमत चालविणाऱ्याला मोजावी लागते. दारूच्या वायूला गोळी ढकलण्यास कमी अंतर मिळते, त्यामुळे गोळीचा वेग घटतो. आवाज आणि ज्वाळा वाढतात. पुढची व मागची माशी जवळ येत असल्याने नेम धरणे अवघड होते. पुंगळ्या बाहेर ढकलणारा दांडाही आखूड असल्याने त्या पूर्ण निघत नाहीत. एवढे तोटे असूनही हे शस्त्र टिकले, याचे कारण एकच : ते कपड्यांखाली लपविता येते.

उदय आणि विकास

बर्मिंगहॅम येथील वेब्ली या कंपनीने १८७२ मध्ये 'ब्रिटिश बुलडॉग' हे पाच गोळ्यांचे व अडीच इंची नळीचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. कोटाच्या खिशात मावणाऱ्या या शस्त्राच्या नकला युरोप व अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर निघाल्या. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर चार्ल्स गिटो याने राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्या बुलडॉग प्रकारच्या रिव्हॉल्व्हरमधूनच. १८८७ मध्ये स्मिथ अँड वेसन कंपनीने घोडा आत झाकलेले रिव्हॉल्व्हर आणले. खिशातून काढताना घोडा कापडात अडकू नये, हा त्यामागील हेतू होता.

'नकटे' या विशेषणाला आजचा अर्थ विसाव्या शतकात मिळाला. कोल्ट कंपनीचे सहा गोळ्यांचे व दोन इंची नळीचे 'डिटेक्टिव्ह स्पेशल' १९२७ मध्ये आले. १९५० मध्ये स्मिथ अँड वेसनने पाच गोळ्यांचे 'चीफ्स स्पेशल' काढले. या दोन्ही नावांतून ग्राहक कोण होता हे कळते : साध्या वेशातील पोलीस. सैन्याला या शस्त्राची गरज नव्हती. सैनिकाचे शस्त्र उघड असते; लपविण्याची गरज गुप्त पोलिसाला, स्वसंरक्षण करणाऱ्या नागरिकाला आणि गुन्हेगाराला असते.

अहमदनगर आणि बिनकण्याचा घोडा

एका लक्षणावरून वर्ग ठरविल्यास कशी चूक होते, याचे उदाहरण चिलखती दलाच्या इतिहासात मिळते. ब्रिटिश सैन्याने १९३० च्या दशकात .३८ बोअरचे 'एनफिल्ड क्रमांक २' हे रिव्हॉल्व्हर स्वीकारले. रणगाड्याच्या अरुंद जागेत घोड्याचा वर आलेला कणा वस्तूंत अडकतो, या कारणाने १९३८ मध्ये तो काढून टाकलेला नमुना तयार करण्यात आला. बिनकण्याचा घोडा हे आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरचे लक्षण मानण्याची प्रथा आहे. परंतु या एनफिल्डची नळी पाच इंची होती. म्हणून ते या वर्गात येत नाही. रणगाडादलाच्या प्रशिक्षणाशी अहमदनगरचे (आजचे अहिल्यानगर) नाते जुने असून १९४८ मध्ये तेथे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल ही संस्था आकाराला आली. या दलाच्या शस्त्रांचा अभ्यास करताना घोडा आणि नळी ही दोन लक्षणे वेगवेगळी नोंदविणे आवश्यक आहे.

भारतीय कायद्यातील स्थान

१८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याखेरीज बंदूक बाळगण्यास मनाई केली. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा व १९६२ चे नियम आले. त्या नियमांची जागा पुढे २०१६ च्या नियमांनी घेतली. १९६२ च्या नियमांत वीस इंचांहून आखूड नळीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकांचा वेगळा उल्लेख आहे. म्हणजे नळीची लांबी हा निकष कायद्याला अपरिचित नव्हता. रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत मात्र कायद्याने लांबी विचारली नाही, बोअर विचारला. .३८ व .४५५ यांसारखे सैनिकी बोअर निषिद्ध वर्गात टाकले गेले आणि .३२ बोअर परवानाधारक नागरिकासाठी खुला राहिला. कॅनडात याउलट १०५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी नळीचे हातशस्त्र निषिद्ध मानले जाते. एकच वस्तू दोन देशांत दोन वेगळ्या कसोट्यांवर तपासली जाते.

या धोरणाचा परिणाम भारतीय उत्पादनावर झाला. कानपूरच्या सरकारी कारखान्यातील नागरी रिव्हॉल्व्हर .३२ बोअरचे व तीन इंची नळीचे राहिले. त्यासाठी लागणाऱ्या काडतुसांच्या बुडावर पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्याची 'केएफ' ही खूण आढळते. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने 'निर्भीक' हे सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे .३२ रिव्हॉल्व्हर महिलांसाठी म्हणून आणले. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील अत्याचाराची पार्श्वभूमी त्याच्या नावाला होती. त्याची किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये होती. ज्या स्त्रीला सायंकाळी एस. टी. स्थानकावरून घरी पायी जावे लागते, तिच्या आवाक्यात ही किंमत नव्हती. संरक्षणाचे साधन म्हणून गाजलेले हे शस्त्र प्रत्यक्षात मूठभर परवानाधारकांपुरतेच राहणार, हे त्या किमतीतच स्पष्ट होते.

नाशिक प्रकरण : शब्दाचे महत्त्व

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रसंगी अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. कान्हेरे यांच्या शस्त्राला सामान्य लेखनात कधी पिस्तूल, कधी रिव्हॉल्व्हर म्हटले जाते. वस्तुतः ते ब्राऊनिंग बनावटीचे पिस्तूल होते. त्यात सिलिंडर नव्हता. लपवून नेण्याजोगे असूनही ते आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर नव्हते.

हा केवळ शब्दांचा कीस नाही. विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याकरवी वीस ब्राऊनिंग पिस्तुले हिंदुस्थानात पाठविली होती. नाशिकचे शस्त्र त्या मालातील असल्याच्या आधारावर तपासाचा धागा लंडनपर्यंत पोहोचला. १३ मार्च १९१० रोजी सावरकरांना लंडनमध्ये अटक झाली आणि ३० जानेवारी १९११ रोजी जॅक्सन यांच्या हत्येस साहाय्य केल्याबद्दल त्यांना दुसऱ्या जन्मठेपेची शिक्षा सुनावण्यात आली. या संपूर्ण साखळीतील एक दुवा म्हणजे शस्त्राची बनावट. 'रिव्हॉल्व्हर' असा ढोबळ शब्द वापरला की हा दुवाच लेखनातून निसटतो आणि नाशिकची घटना लंडनशी कशी जोडली गेली, हे वाचकाला उमगत नाही.

गावठी कट्टा

आजच्या काळातही ही संदिग्धता कायम आहे. सोनई-नेवासा भागातील वाचकाला वृत्तपत्रांतील 'गावठी कट्टा व जिवंत काडतुसे जप्त' ही बातमी नवी नाही. कट्टा हा शब्द मूळात एकेक काडतूस भरून झाडण्याच्या हातबनावटीच्या शस्त्राला लावला जात असला, तरी मॅगझिन असलेल्या बेकायदा पिस्तुलालाही तोच शब्द वापरला जातो. कट्ट्याची नळी आखूड असते; परंतु सिलिंडर नसेल तर त्याला रिव्हॉल्व्हर म्हणता येत नाही. उद्याच्या इतिहासकाराला हीच वृत्ते साधन म्हणून वापरावी लागतील. पंचनाम्यात सिलिंडर आहे की मॅगझिन, नळी किती मिलिमीटर, बोअर कोणता एवढ्या तीन गोष्टी स्पष्ट असल्या, तर न्यायालय आणि इतिहास या दोहोंची सोय होते.

निष्कर्ष

१. आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरचे पहिले आवश्यक लक्षण फिरता सिलिंडर हे होय. ते नसल्यास पुढील लक्षणांचा विचार अनावश्यक आहे.
२. दुसरे लक्षण सुमारे तीन इंचांपर्यंतची, सिलिंडर वगळून मोजलेली नळी. झाकलेला किंवा बिनकण्याचा घोडा हे साहाय्यक लक्षण असून ते एकटे पुरेसे नाही.
३. हा वर्ग लपवून बाळगण्याच्या गरजेतून जन्मला. त्यामुळे त्याचा इतिहास रणांगणापेक्षा शहर, पोलीस आणि खासगी भीती यांच्या इतिहासाशी जोडलेला आहे.
४. भारतीय कायद्याने रिव्हॉल्व्हरचे वर्गीकरण बोअरवर केले. म्हणून 'आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर' ही येथे कायदेशीर संज्ञा नसून व्यवहारातील संज्ञा आहे.
५. केवळ 'रिव्हॉल्व्हर' या उल्लेखावरून नळी आखूड होती, किंवा शस्त्र लपविलेले होते म्हणून ते रिव्हॉल्व्हर होते, असे अनुमान काढणे सदोष आहे. क्रांतिकारकांच्या इतिहासाचे लेखन करताना शस्त्राची बनावट मूळ साधनांतून तपासूनच नोंदविली जावी.