दिल्लीच्या दप्तरातील झाशीचे घराणे

नवी दिल्लीत जनपथावर राष्ट्रीय अभिलेखागाराची वास्तू उभी आहे. ११ मार्च १८९१ रोजी कलकत्त्यात स्थापन झालेले सरकारी दप्तर राजधानीपाठोपाठ दिल्लीस आले आणि त्यासाठी १९२६ मध्ये ही इमारत पूर्ण झाली. कंपनी सरकारच्या परराष्ट्र खात्याचे कागद येथे जतन केलेले आहेत. त्यांतच झाशी संस्थानाच्या खालसा प्रकरणाचा पत्रव्यवहार आहे. एकोणिसाव्या शतकातील पूर्वजाचा मागोवा कसा घ्यावा, हे समजून घेण्यास झाशीच्या नेवाळकर घराण्याइतके बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

नेवाळकर मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील लांजा तालुक्यातल्या कोट गावचे. पेशवाईत हे घराणे उत्तरेत आले आणि रघुनाथ हरी नेवाळकर झाशीचे सुभेदार झाले. पुढे १८१७ च्या तहाने कंपनी सरकारने रामचंद्ररावांचा व त्यांच्या वारसांचा झाशीवरील हक्क मान्य केला. १८३५ मध्ये रामचंद्रराव निवर्तले, तेव्हा त्यांच्या दत्तकाचा दावा बाजूस सारून गादी चुलते रघुनाथराव यांना देण्यात आली. त्यांच्यानंतर ती धाकटे बंधू गंगाधरराव यांच्याकडे आली. गंगाधररावांनी २० नोव्हेंबर १८५३ रोजी, मृत्यूच्या आदल्या दिवशी, आपल्याच घराण्यातील वासुदेवराव नेवाळकरांचा चार-पाच वर्षांचा मुलगा आनंदराव यास दत्तक घेतले व त्याचे नाव दामोदरराव ठेवले.

येथून वंशावळ हा घरगुती विषय उरला नाही. तिच्यावर राज्याचे भवितव्य अवलंबून राहिले. राणी लक्ष्मीबाईंनी फेब्रुवारी १८५४ च्या खलित्यात १८१७ च्या तहातील फारसी शब्दांवरच बोट ठेवले. तहात ‘वारिसान’ आणि ‘जानिशीनान’ असे दोन शब्द आहेत. पहिला रक्ताच्या वारसांसाठी आणि दुसरा गादीवर बसणाऱ्या उत्तराधिकाऱ्यांसाठी. म्हणून दत्तक पुत्र दुसऱ्या शब्दात येतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. परंतु गव्हर्नर जनरल डलहौसी यांनी २७ फेब्रुवारी १८५४ च्या टिपणात संस्थान खालसा करण्याचा निर्णय दिला आणि १८३५ मध्ये नाकारलेल्या दत्तकाचा दाखला पुढे केला. घराण्याच्याच इतिहासातील एक प्रसंग घराण्याविरुद्ध पुरावा ठरला.

सरकारी कागद नेमके असतात, पण ते निःपक्षपाती असतातच असे नाही. ते कोणी लिहिले व कोणत्या हेतूने लिहिले, हे पाहावे लागते. घरगुती आठवणींनाही हाच नियम लावावा लागतो. राणींच्या जन्मतारखेचेच पाहावे. द. ब. पारसनीस यांनी १८९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठी चरित्रात १९ नोव्हेंबर १८३५ ही तारीख आहे. सर्वत्र रूढ झालेले साल मात्र १८२८ आहे. पंचांग पाहिले तर १९ नोव्हेंबर १८३५ रोजी कार्तिक वद्य चतुर्दशी येते. १८२८ च्या त्याच तारखेला मात्र शुक्ल पक्ष चालू होता आणि पौर्णिमा तीन दिवसांवर होती. म्हणजे एका परंपरेतील तारीख व दुसऱ्या परंपरेतील साल एकत्र जोडले गेले असावे. उलटपक्षी, १८५४ मध्ये राणींना भेटलेले वकील जॉन लँग यांनी त्यांचे वय सव्वीस-सत्तावीस असल्याचे ऐकले होते आणि ते १८२८ च्या बाजूने जाते. विवाहाचे साल १८४२ धरल्यास वधू सात वर्षांची होती की चौदा, हा प्रश्न या एका तारखेवर ठरतो.

जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरच्या रणांगणावर राणी धारातीर्थी पडल्या. त्यानंतर दामोदररावांचे काय झाले, हे लोकांच्या स्मरणातून जवळजवळ पुसले गेले. त्यांच्या नावावर असलेली एक हकीकत य. न. केळकर यांनी ‘इतिहासाच्या सहली’ या १९५९ च्या ग्रंथात दिली आहे. मोजके विश्वासू सरदार, २२ घोडे व ६० उंट यांसह तो मुलगा बुंदेलखंडाच्या रानात भटकत राहिला. भयामुळे कोणी गावात आसरा देईना. शेवटी आईची आठवण म्हणून उरलेले ३२ तोळ्यांचे तोडेही द्यावे लागले. ही हकीकत ऐकीव आठवणींवर आधारलेली असण्याचा संभव आहे, तेव्हा तिच्यातील प्रत्येक आकडा प्रमाण मानता येत नाही. पण त्या मुलाची भूक आणि भीती खलित्यांत व टिपणांत आढळत नाही. ती येथेच भेटते.

मे १८६० मध्ये दामोदरराव इंदूरला पोहोचले. तेथे त्यांना सरकारी तनखा मिळाला. झाशी मात्र परत मिळाली नाही. २८ मे १९०६ रोजी त्यांचे निधन झाले. पारसनीसांचे चरित्र प्रसिद्ध झाले तेव्हा ते हयात होते. पुढे या घराण्याने ‘झाशीवाले’ हे आडनाव लावले. केवळ ‘नेवाळकर’ नावाने शोध घेणाऱ्यास ही शाखा सापडणार नाही. कोकणातून कोणी पुण्यास, कोणी इंदूर-ग्वाल्हेरला, तर कोणी दिल्लीस आले. प्रत्येक मुक्कामी आडनाव, लिपी आणि नोंदीची भाषा बदलत गेली. अनेक मराठी कुटुंबांच्या बाबतीत हेच घडले आहे.

म्हणून शोधाची सुरुवात घरातील वडीलधाऱ्यांपासून करावी. मूळ गाव, कुलदैवत, गोत्र, बदललेली आडनावे आणि माहेरवाशिणींची सासरची घराणी आधी लिहून घ्यावीत. मग नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहाव्यात. मोडी कागद जाणकाराकडून वाचून घ्यावेत. संस्थानी वा सरकारी चाकरी झालेली असल्यास पुण्याचे पेशवे दप्तर आणि दिल्लीचे अभिलेखागार गाठावे. प्रत्येक माहितीसमोर ती कोणी सांगितली व केव्हा, याची नोंद करावी. दोन नोंदी जुळत नसतील तर दोन्ही ठेवाव्यात. आजी-आजोबांशी बोलून विद्यार्थ्यांनी हे काम सुट्टीत सुरू केले, तरी कागदावर कधीच न आलेली पुष्कळ नावे वाचतील.