रायगडावरील तांत्रिक अभिषेक व कवि कलशाची अपकीर्ती

श्रीशिवछत्रपतींस रायगडावर दोन वेळा अभिषेक झाला, ही गोष्ट इतिहासाभ्यासकांस आता नवीन नाही. पहिला अभिषेक ज्येष्ठ शुद्ध १३ शके १५९६, म्हणजे ६ जून १६७४ रोजी, गागाभट्टाच्या अनुज्ञेने वैदिक पद्धतीने झाला. दुसरा त्याच वर्षी आश्विन शुद्ध ५ रोजी, म्हणजे २४ सप्टेंबरास, निश्चलपुरी गोसाव्याने तंत्रमार्गाने केला. पहिल्याचे वर्णन शाळेतील मुलांसही ठाऊक असते. दुसऱ्याचा उल्लेख मात्र ग्रंथकार बहुधा एका वाक्यात आटोपतात. हा संकोच का, आणि त्याचा परिणाम दुसऱ्याच एका पुरुषाच्या कीर्तीवर कसा झाला, हे दाखविण्याचा आम्ही येथे यत्न करीत आहो.

दुसऱ्या अभिषेकाचे मुख्य साधन म्हणजे अनिरुद्ध सरस्वतीकृत ‘शिवराज्याभिषेककल्पतरु’ हा संस्कृत ग्रंथ होय. त्याची हस्तलिखित प्रत कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात मिळाली. ग्रंथाचा कल निश्चलपुरीकडे आहे, हे लपण्यासारखे नाही. गागाभट्टाने तांत्रिक विधी वगळले, गडावरील शिरकाईसारख्या स्थानदेवतांचे पूजन केले नाही, म्हणून अनर्थ ओढवले, असे त्याचे प्रतिपादन आहे. प्रतापराव गुजराचा नेसरीस झालेला अंत, काशीबाईसाहेबांचे निधन आणि अभिषेकानंतर अकराव्या दिवशी, १७ जून रोजी, पाचाडास जिजाऊसाहेबांचा झालेला स्वर्गवास, ह्या गोष्टी तो दोषाच्या पुराव्यादाखल मांडतो. पहिल्या दोन घटना तर अभिषेकापूर्वीच्या आहेत. कार्य आधी व कारण मागून, असा हा न्याय कोणत्याही शास्त्रात बसत नाही.

परंतु पक्षपाती साक्षीदार सर्वस्वी टाकाऊ असतो असे नाही. तो जेथे वाद घालतो तेथे त्याच्यावर विश्वास ठेवू नये. पण जेथे वाचकास ठाऊकच आहे असे समजून तो सहज बोलून जातो, तेथे त्याचे शब्द मोलाचे असतात. शिरकाईचा मान राहिला नाही, ही तक्रार ज्या समाजात ऐकून घेतली जाईल, त्या समाजात शिरकाईचा मान होताच. ह्यास स्थळाचा दाखलाही मिळतो. महाड तालुक्यातील ह्या गडावर देवीचे आजचे देऊळ अलीकडचे आहे. मूळ स्थानाचा चौथरा होळीच्या माळावर असून त्यास ‘शिरकाईचा घरटा’ म्हणत. देवीचे नाव शिर्के घराण्याशी जोडण्यात येते, आणि गड १६५६ साली जावळीकर मोऱ्यांकडून महाराजांकडे आला. तेव्हा राज्ये बदलली तरी गडाची देवता गडावरच राहिली, व नव्या धन्यास तिची दखल घ्यावी लागली, असे मानणे सयुक्तिक दिसते.

आता संभाजीराजांकडे वळू. त्यांचा राज्याभिषेक १६ जानेवारी १६८१ रोजी ह्याच गडावर झाला. त्यांचा विश्वासू कवि कलश हा कनोजी ब्राह्मण. तो शाक्त, मांत्रिक, अनुष्ठाने करून राजाची बुद्धी फिरविणारा, अशी त्याची प्रतिमा बखरींनी रंगविली. ‘कविजी’चा ‘कबजी’ झाला आणि ‘कलश’चा ‘कलुशा’. कलुष म्हणजे मळ, पाप, हे संस्कृतज्ञांस सांगणे नको. मंगलकुंभाचे नाव धारण करणाऱ्या पुरुषास केवळ उच्चारभेदाने पातकाचे नाव चिकटले, आणि मागील पिढ्यांनी तो अपभ्रंश न मानता न्यायनिवाडाच मानला. ह्या चित्राचा प्रमुख प्रसारक मल्हार रामराव चिटणीस. त्याने बखर लिहिली ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे घटनांनंतर शंभराहून अधिक वर्षांनी. आणि त्याचा पूर्वज बाळाजी आवजी ह्यास संभाजीराजांनी १६८१ साली देहान्त शिक्षा दिली होती. घराण्याचे दुःख खरे होते. पण दुःख हे प्रमाण नव्हे.

येथे पोलादपुराचे स्मरण होते. ‘शिवभारता’चा कर्ता कवींद्र परमानंद ह्याची समाधी त्या गावी आहे. १९२७ साली दिवेकरांनी ‘शिवभारत’ प्रसिद्ध केले, तेव्हापासून परमानंदाचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु त्याच्या परंपरेत पुढे रचलेल्या ‘अनुपुराणा’कडे तितके लक्ष गेले नाही. त्यात शृंगारपूर मुक्कामी युवराज संभाजीराजांस झालेल्या कलशाभिषेकाचे वर्णन आहे. अभिमंत्रित जलाने शिष्यास अभिषेक करण्याचा हा विधी शाक्त आगमांत प्रसिद्ध आहे. राजकुलाचे गुणगान करणारा कवी ही गोष्ट झाकून ठेवीत नाही, वर्ण्य विषय म्हणून गौरवाने सांगतो, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे.

तर मग प्रश्न असा की, पित्याने निश्चलपुरीकडून करविलेला विधी ‘सर्व पंथांचा आदर’ ठरतो, आणि पुत्राने त्याच जातीचा विधी केला तर तो ‘कलुशाचा जादूटोणा’ कसा? वा. सी. बेंद्रे ह्यांच्या १९६० सालच्या व डॉ. कमल गोखले ह्यांच्या १९७१ सालच्या चरित्रग्रंथांनी संभाजीराजांवरील पुष्कळ किटाळ दूर केले. ‘बुधभूषण’ व २४ ऑगस्ट १६८०चे संस्कृत दानपत्र ह्यांवरून त्यांची विद्वत्ताही निःसंशय ठरते. तथापि संभाजीराजांचे समर्थन करू पाहणारे अनेक लेखक शाक्त उपासनेचा भाग शक्य तितका पुसून टाकतात. म्हणजे पुरुष निर्दोष ठरविताना उपासनेवरील जुना कलंक ते तसाच कबूल करतात. आमच्या मते पुरुषाचे पुनर्मूल्यमापन व उपासनेचे पुनर्मूल्यमापन ही दोन कामे नव्हेत. रोमचा बादशहा जूलियन ह्याने चौथ्या शतकात जुन्या देवतांचा पक्ष घेतला, म्हणून ख्रिस्ती लेखकांनी त्यास ‘धर्मभ्रष्ट’ हे नाव दिले. त्याच्या स्वतःच्या लेखांचे वाचन करून तो जुना धर्म त्याच्या अनुयायांस कसा दिसत होता हे समजून घेतल्यावाचून त्याचेही चरित्र नीट लिहिता येत नाही.

ह्यावरून कोणी उलट टोकास जाऊ नये. निश्चलपुरी हा बहुजनांच्या दैवतांचा कैवारी व गागाभट्ट त्यांचा वैरी, असे सरळ चित्र काढणे धाडसाचे होईल; कारण ती तक्रारही संस्कृतातच लिहिली आहे, व वैदिक-तांत्रिक ह्यांची सरमिसळ आमच्या घरोघरच्या देवघरांत आजही आढळते. तसेच संभाजीराजे १६७८च्या डिसेंबरात दिलेरखानास जाऊन मिळाले, ही गोष्ट कोणत्याही पुनर्विचाराने नाहीशी होत नाही. कवि कलशाच्या राजकारणातील चुका असतील त्या त्याच्या पदरी घालाव्यात. परंतु त्याची उपासना हा त्या चुकांचा पुरावा नव्हे. संगमेश्वरास तो धन्याबरोबर पकडला गेला आणि ११ मार्च १६८९ रोजी धन्याबरोबरच मारला गेला, हेही जमेस धरले पाहिजे.

शेवटी संग्राहक बंधूंस एक विनंती. महाड-पोलादपूरकडील जुनी दप्तरे उलगडताना सनदा, महजर, करीने आपण जपून ठेवितो. पण अनुष्ठानांच्या याद्या, देवीच्या मानपानाचे कागद, मंत्र-यंत्रांच्या पोथ्या ‘ह्यात इतिहास काय’ म्हणून बाजूस पडतात, व एखाद्या पावसाळ्यात वाळवी त्यांचा निकाल लावते. ज्या कागदांवरून कवि कलशाच्या प्रकरणाचा खरा निवाडा होण्याचा संभव आहे, ते ह्याच वर्गातले आहेत. तरी त्यांची नोंद सनदांबरोबरच व्हावी, आणि पोथी कोणाच्या घरी, कोणत्या देवस्थानाशी संबद्ध, हे प्रतीच्या वेष्टनावर अवश्य लिहिले जावे.