आशियाई किशोरी बास्केटबॉल अजिंक्यपद स्पर्धा

आशिया खंडातील राष्ट्रांच्या सोळा वर्षांखालील मुलींच्या संघांसाठी भरविण्यात येणारी बास्केटबॉलची अधिकृत स्पर्धा. अलीकडे ती ‘आशिया चषक’ या नावाने ओळखली जाते. तिची सुरुवात २००९ साली पुणे येथे झाली.

जेम्स नेस्मिथ (१८६१–१९३९) यांनी १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे बास्केटबॉलचा खेळ शोधून काढला. पुढच्याच वर्षी स्मिथ कॉलेजमधील व्यायामशिक्षिका सेंडा बेरेन्सन (१८६८–१९५४) यांनी तो आपल्या विद्यार्थिनींना शिकविला. मात्र मुलींना अतिश्रम सोसणार नाहीत, या तत्कालीन समजुतीस अनुसरून त्यांनी क्रीडांगणाचे तीन भाग पाडले व प्रत्येक खेळाडूस आपल्या भागातच खेळण्याचे बंधन घातले. प्रतिस्पर्धिनीच्या हातातील चेंडू हिसकावून घेण्यासही मनाई होती. ही बंधने हळूहळू दूर होत गेली. तथापि ऑलिंपिकमध्ये महिलांच्या बास्केटबॉलचा समावेश होण्यास १९७६ चे माँट्रिऑल सामने उजाडावे लागले. पुरुषांचा खेळ तेथे १९३६ पासूनच होता.

आशियात महिलांची खंडीय अजिंक्यपद स्पर्धा १९६५ मध्ये सेऊल येथे सुरू झाली. कुमारींच्या एकोणीस वर्षांखालील गटाची जागतिक स्पर्धा १९८५ पासून होऊ लागली. परंतु त्याहून लहान वयाच्या मुलींना आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा अनुभव मिळण्याची नियमित सोय आशियात नव्हती. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने २०१० पासून सतरा वर्षांखालील गटाची जागतिक स्पर्धा घेण्याचे ठरविले, तेव्हा प्रत्येक खंडातून संघ निवडण्यासाठी पात्रता स्पर्धेची गरज निर्माण झाली. किशोरी स्पर्धेचा उगम या गरजेत आहे.

पहिली स्पर्धा ३० नोव्हेंबर ते ६ डिसेंबर २००९ या काळात पुण्यात झाली. तीत चीनने अजिंक्यपद मिळविले. पुढील वर्षी फ्रान्समध्ये झालेल्या पहिल्या जागतिक स्पर्धेत चीनच्या मुलींनी कांस्यपदकही पटकाविले. पूर्व आशियाई संघांचे हे वर्चस्व दीर्घकाळ टिकले. २०१७ पासून ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड हे ओशिॲनियातील देश आशियाई स्पर्धांत सहभागी होऊ लागले. त्याच वर्षी बंगलोर येथे झालेल्या किशोरी स्पर्धेत ऑस्ट्रेलियाने पदार्पणातच अजिंक्यपद जिंकले.

सहभागी राष्ट्रांच्या खेळाच्या दर्जात मोठी तफावत असल्याने संघांची दोन श्रेणींत विभागणी केली जाते. खालच्या श्रेणीतील विजेत्या संघास वरच्या श्रेणीत बढती मिळते. बंगलोरच्या स्पर्धेत भारतीय मुलींनी खालच्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून ही बढती संपादन केली. मात्र वरच्या श्रेणीत टिकून राहणे हे ती मिळविण्याहून कठीण ठरते; कारण तेथे दीर्घकालीन प्रशिक्षण लाभलेल्या संघांशी गाठ असते. दोन श्रेणींतील हे अंतर कमी करणे एखाद्या अल्पकालीन सराव शिबिराने साधत नाही. त्यासाठी शालेय पातळीवरील खेळाचा पाया रुंदावावा लागतो.

वयोगट ठरविताना जन्मवर्षाचा निकष लावला जातो. उदा., पुण्यातील स्पर्धेसाठी १ जानेवारी १९९३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुली पात्र होत्या. त्यामुळे जानेवारीत जन्मलेल्या खेळाडूस त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जन्मलेल्या खेळाडूहून जवळजवळ एका वर्षाच्या वाढीचा लाभ मिळतो. या वयात उंची व ताकद झपाट्याने वाढत असल्याने हा फरक नगण्य नसतो. शारीरिक वाढ उशिरा होणाऱ्या गुणी मुली निवडीत मागे पडू नयेत, याची दक्षता प्रशिक्षकांना घ्यावी लागते.

आशियातील मुलींच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरलेला आणखी एक बदल पोशाखाविषयीचा आहे. डोके झाकणाऱ्या वस्त्रावर महासंघाच्या नियमांनी बंदी होती. या बंदीमुळे २०१४ च्या इंचॉन आशियाई क्रीडासामन्यांत कतारच्या महिला संघाने स्पर्धेतून माघार घेतली. पुढे नियमात दुरुस्ती होऊन १ ऑक्टोबर २०१७ पासून असे वस्त्र वापरण्यास परवानगी मिळाली. बंगलोरची किशोरी स्पर्धा त्याच महिन्यात झाली. श्रद्धा व खेळ यांपैकी एकाची निवड करण्याचा प्रसंग त्यामुळे अनेक मुलींवरून टळला.

कोविड साथीमुळे स्पर्धेत खंड पडला. २०२२ मध्ये जॉर्डनमधील अम्मान येथे ती पुन्हा भरली. मुलींना क्रीडांगणाच्या तिसऱ्या भागापुरतेच खेळू देणाऱ्या नियमांपासून संपूर्ण खंडाच्या अजिंक्यपदापर्यंतची ही वाटचाल सव्वाशे वर्षांची आहे. या स्पर्धेचे महत्त्व केवळ पदकांवरून मोजता येत नाही. ज्या वयात अभ्यास, घरकाम वा सामाजिक संकोच यांमुळे मुलींचा खेळ सुटण्याचा संभव असतो, नेमक्या त्याच वयात ती त्यांच्यापुढे एक निश्चित उद्दिष्ट ठेवते, हे तिचे मुख्य कार्य होय.