फ्रीमाँट नगरीची शिरगणती

नगरांचे इतिहास बहुधा संस्थापकांच्या नावांनी सुरू होतात आणि थोर इमारतींच्या वर्णनांनी संपतात. ज्यांच्या श्रमांवर नगर उभे राहते, त्यांची नावे त्या इतिहासात क्वचितच आढळतात. त्यांचा माग काढावयाचा तर सरकारी नोंदवह्या आणि शिरगणतीची पत्रकेच उलगडावी लागतात. मॉरिशसमधील गिरमिटवंशीय कुटुंबांना हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. रत्नागिरी अथवा सावंतवाडीकडून आलेल्या पूर्वजाची या बेटावरील पहिली लेखी ओळख म्हणजे पोर्ट लुईच्या नोंदवहीतील एक अनुक्रमांक, एका जहाजाचे नाव आणि ते जहाज ज्या बंदरातून सुटले त्या बंदराचे नाव. कोण कोणत्या रकान्यात बसतो, हे लिहून घेणारा ठरवीत असे. लिहिला जाणारा नव्हे. हीच गोष्ट एका दूरच्या, अगदी आधुनिक समजल्या जाणाऱ्या शहरातही कशी घडत आली, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

ते शहर म्हणजे अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील फ्रीमाँट. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या आग्नेय काठावर, सॅन होजे नगराच्या उत्तरेस ते वसले आहे. सेंटरव्हिल, नाइल्स, अर्व्हिंग्टन, मिशन सॅन होजे आणि वॉर्म स्प्रिंग्ज अशी पाच गावे एकत्र करून २३ जानेवारी १९५६ रोजी या शहराची स्थापना झाली. १९६० साली येथील लोकसंख्या सुमारे ४४ हजार होती. २०२० च्या शिरगणतीत ती २,३०,५०४ भरली. वयाने हे शहर तरुण असले, तरी ज्या भूमीवर ते उभे आहे तिची कथा जुनी आहे.

त्या भूमीचे मूळचे रहिवासी ओहलोनी लोक. १७९७ साली स्पॅनिश पाद्र्यांनी येथे मिशन सॅन होजेची स्थापना केली. मिशनच्या शेतीवर आणि गुराढोरांच्या राखणीवर ओहलोनी लोकांनाच राबविण्यात आले, आणि युरोपातून आलेल्या रोगांनी त्यांच्यातील असंख्य माणसे दगावली. पुढे स्पेनची सत्ता जाऊन मेक्सिकोची आली आणि १८४८ साली हा मुलूख अमेरिकेच्या पदरात पडला. धनी बदलत गेले, परंतु जमीन कसणारा हात दुसऱ्याचाच राहिला.

त्यानंतर आले चिनी मजूर. पूर्व आणि पश्चिम किनारे जोडणाऱ्या लोहमार्गाचा जो फाटा नाइल्सच्या घळीतून जातो, तो १८६९ साली पुरा झाला. डोंगर फोडून तो मार्ग घालणाऱ्यांत चिनी मजुरांची संख्या फार मोठी होती. लोहमार्ग झाला, काम संपले आणि १८८२ साली चिनी मजुरांना देशाचे दार बंद करणारा कायदा मंजूर झाला. अझोर्स बेटांवरून आलेल्या पोर्तुगीज कुटुंबांनी याच परिसरात दुभत्याचा धंदा आणि शेती केली. ती गोऱ्यांत गणली जात असल्यामुळे कालांतराने समाजात मिसळून गेली. जपानी शेतकऱ्यांच्या वाट्यास मात्र हे भाग्य आले नाही. ज्यांना नागरिकत्व मिळू शकत नाही अशा परकीयांनी शेतजमीन खरेदी करू नये, असा कायदा कॅलिफोर्नियाने १९१३ साली केला. तरीही जपानी कुटुंबांनी खंडाने जमिनी घेऊन भाजीपाला आणि फळे पिकविली. १९४२ साली, जपानशी युद्ध जुंपल्यानंतर, या कुटुंबांना घरेदारे सोडावयास लावून प्रथम टॅनफोरानच्या शर्यतीच्या मैदानावर आणि नंतर युटा राज्यातील टोपाझच्या ओसाड छावणीत धाडण्यात आले. त्यांच्यापैकी कित्येक जण जन्माने अमेरिकन नागरिक होते. परंतु शिरगणतीतील 'जपानी' या शब्दापुढे नागरिकत्व फिके पडले.

भारतीयांची कथा याहून चमत्कारिक आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी कॅलिफोर्नियात आलेले बहुतेक भारतीय पंजाबचे शेतकरी व मजूर होते. त्यांच्यात शीख अधिक आणि काही मुसलमान होते. तरीही १९३० आणि १९४० च्या अमेरिकन शिरगणतीत या सर्वांसाठी 'हिंदू' हा एकच शब्द, आणि तोही धर्म म्हणून नव्हे तर वंश म्हणून, वापरण्यात आला! १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने, सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे भारतीय हा 'गोरा' नव्हे आणि म्हणून तो नागरिकत्वास पात्र नाही, असा निर्णय दिला. १९४६ साली ही बंदी उठली. पण वर्षाला अवघ्या शंभर भारतीयांनाच प्रवेशाची मुभा मिळाली. पुढे १९७० च्या शिरगणतीत तेच भारतीय 'गोऱ्यां'च्या संख्येत मिळविले गेले आणि भारतीय संघटनांच्या मागणीनंतर १९८० साली 'एशियन इंडियन' अशी स्वतंत्र चौकट निर्माण झाली. पन्नास वर्षांत माणसे तीच, त्यांचा वर्ण तोच. बदलला तो केवळ रकाना.

फ्रीमाँट शहर जन्मास आले ते अशा पार्श्वभूमीवर. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील मध्यम वर्ग मोटारी घेऊन उपनगरांकडे धावू लागला. फ्रीमाँटमध्ये जर्डाळूच्या बागांच्या जागी घरांच्या ओळी उठल्या, आणि १९६० नंतर जनरल मोटर्सचा प्रचंड कारखाना सुरू झाला. तथापि ही नवी घरे सर्वांसाठी खुली नव्हती. शेजारच्या मिल्पिटास गावी १९५५ साली फोर्ड कंपनीचा कारखाना रिचमंडहून हलविण्यात आला, तेव्हा तेथील निग्रो कामगारांना काम मिळाले, परंतु जवळपास घर मिळेना. अखेर कामगार संघटनेच्या खटपटीने सनीहिल्स ही सर्व वर्णांना खुली असलेली वसाहत उभारावी लागली. फ्रीमाँटमध्ये २०१० साली कृष्णवर्णीयांचे प्रमाण शेकडा तीन-चारच्या पुढे गेले नव्हते. असे आकडे आपोआप घडत नसतात. घरांचे बंद दरवाजे ते घडवितात.

१९६५ च्या कायद्याने राष्ट्रवार वाटण्याची जुनी पद्धत मोडली आणि कुशल व्यावसायिकांस व नातलगांस प्रवेश सुलभ झाला. १९९० च्या कायद्याने आणि सिलिकॉन व्हॅलीतील संगणक-उद्योगाने या ओघाचा पूर केला. चीन, तैवान, फिलिपाइन्स आणि भारत येथून माणसे आली. १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यानंतर निर्वासित झालेल्या अफगाणांनी सेंटरव्हिल भागात एवढी वस्ती केली, की त्यास 'छोटे काबूल' म्हणू लागले. शिखांचा गुरुद्वारा १९७८ पासून येथे आहे. त्याच्या रस्त्यालाही गुरुद्वाऱ्याचेच नाव मिळाले. २००० साली फ्रीमाँटमध्ये आशियाई वंशाचे लोक शेकडा ३७ होते. २०१० साली ते निम्म्याहून किंचित अधिक झाले, आणि २०२० साली शेकडा ६० च्याही पलीकडे गेले. २०१० मध्ये शहरातील दर शंभर माणसांत सुमारे अठरा भारतीय वंशाची होती. ज्या भूमीवर आशियाई माणसास जमीन विकत घेता येत नव्हती, तेथे २०१६ साली लिली मे या आशियाई वंशाच्या महिला नगराध्यक्षा निवडून आल्या, आणि २०२४ साली राज सलवान हे पंजाबी वंशाचे गृहस्थ त्या पदावर निवडले गेले.

गिरमिटवंशीय वाचकांच्या दृष्टीने एक गोष्ट विशेष लक्षणीय आहे. फ्रीमाँट आणि त्याच्या उत्तरेचे हेवर्ड या भागात फिजी बेटांवरून आलेले भारतीय मोठ्या संख्येने राहतात. १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांहून अधिक भारतीय गिरमिटावर फिजीस गेले. त्यांचे वंशज १९६५ नंतर, आणि विशेषतः फिजीतील १९८७ च्या लष्करी उठावांनंतर, कॅलिफोर्नियात आले. शिरगणतीचा कागद पुढे आला म्हणजे या माणसाने काय लिहावे? 'एशियन इंडियन' या चौकटीवर खूण केली तर फिजीतील चार-पाच पिढ्या पुसल्या जातात. 'इतर पॅसिफिक बेटवासी' या रकान्यात 'फिजियन' लिहिले तर भारताशी असलेले नाते पुसले जाते. समुद्र दोनदा ओलांडलेल्या माणसास एका चौकटीत बसविणे सोपे नाही.

मराठी माणसाचीही गत फारशी वेगळी नाही. फ्रीमाँट आणि आसपासच्या नगरांत मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. अमेरिकेतील मराठी मंडळांची मध्यवर्ती संस्था असलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन जून २०२४ मध्ये शेजारच्या सॅन होजे येथेच भरले. तरीही वंशाच्या यादीत 'मराठी' हा शब्द नाही. तेथे सारे 'एशियन इंडियन'. मराठीची नोंद होते ती भाषेच्या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरातून. आणि तो प्रश्न घरात प्रत्यक्ष कोणती भाषा बोलली जाते, एवढाच आहे. मॉरिशसमध्ये २०११ च्या जनगणनेने घरी बोलली जाणारी भाषा आणि पूर्वजांची भाषा, दोन्ही विचारल्या होत्या. म्हणून घरात क्रिओल बोलणारे कुटुंबही पूर्वजांची भाषा मराठी असे अभिमानाने लिहू शकले. फ्रीमाँटमधील घरातून मराठी ज्या दिवशी उठेल, त्या दिवशी ती भाषेच्या त्या पत्रकातूनही उठेल. पूर्वजांची पुण्याई तेथे कामास येणार नाही.

फ्रीमाँटच्या कथेतून निघणारा बोध स्पष्ट आहे. शहराची वांशिक रचना दैवाने ठरत नाही; कायदा, कारखाना, घराचा दरवाजा आणि नोंद करणाऱ्याची लेखणी मिळून ती ठरवितात. रकान्यावर सर्वस्वी विसंबून कोणताही समाज टिकत नाही, आणि रकान्याकडे पाठ फिरवूनही त्याचे भागत नाही. भारतीयांनी मागणी केल्यावर अमेरिकेच्या कागदावर नवी चौकट आली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. परंतु चौकटीच्या आतील माणूस मराठी राहतो तो घरातील बोलण्याने, गणपतीपुढच्या आरतीने आणि मुलांना शिकविलेल्या अक्षरांनी. पोर्ट लुईच्या नोंदवहीने पूर्वजांना अनुक्रमांक दिला. त्यांनी स्वतःहून जपले ते आपले नाव आणि आपली भाषा. कोणत्याही देशातील वंशजांकडे हाच वारसा आलेला आहे, आणि तो जतन करण्याचे काम कोणतेही सरकारी खाते त्यांच्या वतीने करणार नाही.